बोर्डावरची बाई

तसं पाहिलं तर मी इकडली नाय, ताई. माहेर माझं वणीकडलं, गडाच्या पायथ्याला, बापाचं नारळाचं आन् ओटीचं दुकान व्हतं, दुकान म्हणजे काय, चार बांबू आन् वर पत्रा, पण चैत्रात यात्रा भरली की आम्हाला जेवायला सुद्धा उसंत मिळायची नाय. कौसल्या नाव आईनं ठेवलं. लग्न करून मी इकडं मखमलाबादच्या पुढं मळ्यात आले तव्हा सासूनं नाव बदललं नाय, म्हणली, चांगलं हाय, राहू द्या. आम्ही माळी लोक, झेंडू, शेवंती, गलांडा, मधी मधी कोथिंबीर आन् मेथी. पहाटे फुलं तोडायची, पाट्या भरायच्या आन् ह्यांनी त्या शहरात फुलबाजारात न्यायच्या. पहिल्यांदा सायकलवर नेत, मंग मोपेड घेतली. हे म्हणजे मंदाचे वडील, रामदास नाव त्यांचं. आम्हाला एकच मुलगी, मंदा.

आमचा मळा नाल्याच्या पलीकडं. गावातून शहराच्या रस्त्याला लागायचं तर फरशीवरून जावं लागायचं. फरशी म्हणजे पूल नाय, नुसता सिमेंटचा पट्टा, बाजूला कठडा नाय, काय नाय, पाऊस झाला की पाणी वरून जायचं. लहान पोरं शाळेत जायची बंद, बाळंतीण असली तर खाटेवर घालून वरच्या अंगानं नेत. आन् दर इलेक्शनला त्या फरशीवर जीप थांबायची, साहेब उतरायचे, हात जोडायचे आन् म्हणायचे, पुढच्या पावसाळ्यात इथं पूल दिसंल.

काय सांगू तुम्हाला, मला तव्हा इलेक्शन आवडायचं. हसू नका. मळ्यात दिवसभर कुणाचं तोंड दिसत नाय, आन् इलेक्शन आलं की जीपा यायच्या, भोंगे वाजायचे, भिंतीवर गेरू आन् निळीनं चिन्हं रंगवायचे, पोरं कागदी बिल्ले गोळा करत पळायची. एकदा तर मारुतीच्या पारापुढं पडदा बांधून पिक्चरसारखं भाषण दाखवलं, मधी गाणी लावली, आम्ही बाया गोणपाट अंथरून बसलो आन् गाणं आलं की बघायचो, भाषण आलं की गप्पा मारायचो. मत कुणाला द्यायचं ते सासरे सांगायचे. ते वारले तव्हापासून हे सांगायचे, पण हे सांगताना म्हणायचे, तुला वाटंल ते कर, मी आपला सांगतो.

आता ह्यांचं एक सांगते, कारण पुढं त्याच्यावरूनच सगळं झालं. हे पीत व्हते. खोटं कशाला बोलू. लग्नानंतर चार-पाच वर्ष चांगलीच प्यायले, बाजारातून येताना वाट भुलायचे, मी सुद्धा मार खाल्ला हाय. मंग मंदाला टायफॉइड झाला, पोरगी हातची जाते का राहते असं झालं, तव्हा सप्तशृंगीच्या पायावर हात ठेवून सोडली. पुन्हा नाय घेतली. दिवाळी नाय, लग्न नाय, कुणाच्या हळदीला गेले तरी नाय. गावातल्या लोकांना ते माहीत व्हतं. पण गावाला जुनं जास्ती ध्यानात ऱ्हातं, नवं कमी.

मंदा नववीत व्हती त्या वर्षी. श्रावण चालू, फुलाला भाव, आन् पाऊस असा की दोन दिवस सूर्य नाय पाहिला. त्या पहाटे मी म्हणले, आज नका जाऊ. हे म्हणले, तोडलेली फुलं काय गुराला घालायची का, सोमवार हाय, बाजार चुकवून चालत नाय. मी चहा दिला, ते प्यायले, डोक्यावर गोणपाटाचा घोंगता घेतला आन् मोपेडला दोन पाट्या बांधून गेले. इथं पाऊस थांबलेला व्हता, पण वर डोंगराकडं पडला असंल. उजाडलं तव्हा पलीकडच्या वस्तीवरचा एक जण ओरडत आला, का मोपेड फरशीच्या खाली अडकली हाय. मी पळाले. पाणी उतरू ऱ्हायलं व्हतं आन् त्याच्यावर माझी फुलं, पिवळी फुलं, सगळ्या काठाला लागलेली. हे सापडले दुपारी, खाली लांब, बाभळीत. मी पाहिलं. मंदाला पाहू नाय दिलं, ती अजून त्याच्यावरून बोलते मला.

दहावा गोदाघाटावर केला. इलेक्शन जाहीर झालं व्हतं, आमदारकीचं. आमच्याकडं दोघांची लढत. एक जुने साहेब, जे फरशीवर थांबून पूल दिसंल म्हणायचे ते, आन् एक नवे. माझे दीर पुंडलिक भाऊजी, ते जुन्या साहेबांचं काम करायचे, पुष्कळ वर्षांपासून. आन् नव्या साहेबांचा आमच्या भागातला माणूस म्हणजे अण्णा, शहरातच ऱ्हायचा, पांढरे कपडे, बोलायला गोड. दहाव्याला अण्णा आला. माझ्यापुढं वाकला, म्हणला, मावशी, लय वाईट झालं. त्याच्यासंगं एक कॅमेरावाला व्हता. पिंडाला कावळा शिवंना, लोक ताटकळले व्हते, आन् मला एकदम रडू फुटलं, पदर कुठं, केस कुठं, मला भान नाय. तव्हा त्यानं फोटो काढले. मला वाटलं पेपरात बातमी देत असतील. कुणी मला विचारलं नाय आन् मी तरी त्या टायमाला काय सांगणार व्हते.

पुढं घरात बसून चालंना. फुलं झाडावर सुकू लागली. मी आन् मंदा तोडायचो, शेजारच्या टेम्पोत पाट्या टाकायच्या आन् मी बाजारात बसायची. पहिल्याच दिवशी फुलवाल्या बायांनी मला जागा करून दिली, आन् त्यातली एक हळूच म्हणली, कौसा, तू पंचवटीतून आली ना, मंग बोर्ड नाय का पाहिला? मी म्हणले, कसला बोर्ड? ती खाली पाहून हार ओवू लागली. मंग मी सांजला गेले पाहायला.

ताई, दोन मजल्यांएवढी मी. रंगवलेली. तोंड उघडं, डोळ्यातून पाणी, कपाळ मोकळं. मी काय पांढरं लुगडं नेसत नाय, दहाव्याला बी माझ्या अंगावर निळी साडी व्हती, पण रंगवणाऱ्यानं मला पांढरं नेसवलं आन् वय बी वाढवलं, साठीची म्हातारी वाटत व्हते. वर लिव्हलेलं, या माउलीचं कुंकू कुणी पुसलं? आन् खाली नवे साहेब, हात जोडून. मी तिथं उभी ऱ्हायले आन् लोक माझ्या आजूबाजूनी येत-जात व्हते, कुणी मला वळखलं नाय, वर पाहत व्हते आन् च्च करत व्हते.

तव्हा मला राग नाय आला. येईल असं वाटलं व्हतं, पण नाय आला. मनात आलं, चला, निदान ह्यांच्या जाण्याची शहराला खबर झाली, आता तरी पूल व्हईल. बाजारात गिऱ्हाईकं यायची, निरखून पाहायची, तुम्हीच ना त्या? कुणी जास्तीचा हार घ्यायचं, कुणी म्हणायचं, बाई, आमच्या घरातली सगळी मतं ह्यांनाच. आन् काही उलटे. एक मास्तर व्हते, रोज देवाला फुलं नेत, ते म्हणले, नवऱ्याचं सुतक फिटलं नाय आन् तुम्ही पोज देता? मी म्हणले, गुरुजी, मी नाय दिली. ते म्हणले, मंग फोटो काय आपोआप आला? आन् दुसऱ्या बाईकडून फुलं घेऊन गेले.

मंग केबलवर आलं. पिक्चरच्या मधी. शेजारणीनं बोलावलं, चला, तुम्हाला दाखवू ऱ्हायले. माझाच फोटो, पावसाचा आवाज, आन् कोणीतरी बाई रडत बोलते, माझं सौभाग्य वाहून गेलं हो, मला न्याय द्या. आवाज माझा नाय. मी तसं बोलत नाय, आमच्यात कुणी सौभाग्य वाहून गेलं असं म्हणत नाय. मंदा माझ्या शेजारी बसली व्हती, ती उठली आन् घरी गेली.

त्याच्यानंतर आठ दिवस गेले असतील, जुन्या साहेबांची रिक्षा आली भोंगा लावून. मी निंदायला बसले व्हते. पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाय. मंग रिक्षा बांधाला लागून गेली आन् ऐकू आलं. दारू पिऊन पाण्यात गाडी घालणाऱ्यांचं भांडवल करणाऱ्यांना मत देऊ नका. मतदारांनो, सत्य ओळखा. असं. मधी गाणं. पुन्हा तेच. पत्रकं बी वाटली, नाव नव्हतं, पण फरशीचा फोटो व्हता आन् बाटलीचं चित्र.

आता ह्यांची जुनी गोष्ट साहेबांना शहरात बसून कशी कळली? मी सांजला भाऊजींच्या दारात गेले. ते जेवत व्हते. मी म्हणले, भाऊजी, हे कुणी सांगितलं? त्यांनी घास तसाच ठेवला आन् म्हणले, वहिनी, तुम्ही बोर्डावर गेल्या म्हणून त्यांना काढावं लागलं. तुम्ही गेल्या नसत्या तर कुणी नाव घेतलं नसतं.

मी म्हणले, तुमचा भाऊ व्हता. त्या दिवशी पिलेला नव्हता, तुम्हाला माहीत हाय.

ते म्हणले, मला माहीत हाय. पण साहेब पडले तर मला गावात कोण विचारंल?

येवढंच. जाऊबाई चुलीपाशी बसलेल्या, त्यांनी मान वर नाय केली. मी परत आले. त्यांना शिव्या द्याव्या असं बी नाय वाटलं, ताई, अंगातला जोरच गेला. परका माणूस बोलला असता तर मी भांडले असते.

गाव दोन ठिकाणी फुटलं. पाणवठ्यावर अर्ध्या बाया माझ्याकडून, अर्ध्या तिकडून. ज्या माझ्याकडून व्हत्या त्या बी अण्णाच्या बाजूच्या म्हणून माझ्याकडून. पाकीट घेतलं म्हणून बी बोललं गेलं, बाई रडली ती फुकट नाय रडली. आन् मंदाच्या शाळेत पोरींनी त्या भोंग्यातलं पाठ केलं, ती वर्गात शिरली की मागून हळू आवाजात म्हणायच्या, मतदारांनो, सत्य ओळखा. पोरगी तशी शांत. चार दिवस गेली, पाचव्या दिवशी म्हणली, मी शाळेत जाणार नाय.

मी अण्णाकडं गेले. त्यांचं प्रचाराचं ऑफिस, मोठा मंडप, खुर्च्या, पोरं येतात-जातात. मला बसवलं, चहा दिला, मावशी मावशी केलं. मी म्हणले, बोर्ड उतरवा. तो म्हणला, मावशी, आता थोडे दिवस राहिले, लोकांच्या डोळ्यात पाणी येतंय तुम्हाला पाहून, हे असं मधीच उतरवता येत नाय. मी म्हणले, बरं, नका उतरवू, पण मंग एक करा, तुमच्या भोंग्यावरून येवढं सांगा का रामदास त्या दिवशी पिलेला नव्हता. तुम्ही चौकशी करा, डॉक्टरांना विचारा, आन् सांगा. अण्णानं थोडा विचार केल्यासारखं केलं. मंग म्हणला, मावशी, आपण त्यात पडलो तर लोक दारूवरच बोलतील, पूल बाजूला राहील. आपला मुद्दा पूल आहे.

मला समजलं तव्हा. ह्यांचं मरण त्यांना पाहिजे व्हतं. माणूस कुणाला नको व्हता.

हे सगळं मी मंदाला सांगितलं नाय, पण माझ्या तोंडावरून तिला कळलं असंल. दुसऱ्या दिवशी मी बाजारात बसलेली, भर दुपार, आन् एक टांगेवाला सांगत आला, तुमची मुलगी चौकीत हाय. पोरीनं गोठ्यातून चुन्याची बादली घेतली व्हती, झाडाला लावायचा चुना असतो तो, आन् कुंचा, आन् सरळ पंचवटीत जाऊन बोर्डाच्या बांबूवर चढून माझ्या तोंडाला चुना लावला, हात पुरंल तिथपर्यंत. हनुवटीपासून डोळ्याच्या खालपर्यंत. अण्णाच्या पोरांनी धरली. त्यांना वाटलं समोरच्यांनी पाठवली. ओढून खाली काढली, हाताला खरचटलेलं, वेणी सुटलेली, बाजूला ही गर्दी. मी चौकीत गेले तव्हा बाकावर बसलेली, हात पांढरे. हवालदार चांगला व्हता, म्हणला, बाई, घेऊन जा, मी काय लिव्हत नाय. मी विचारलं, असं का केलं? ती म्हणली, तुझा बोर्ड गेला की दादांचा भोंगा बंद होईल. वडिलांना दादा म्हणायची.

बंद कशाचा व्हतोय. जुन्या साहेबांचं नवं पत्रक निघालं, खुद्द लेकीनंच आईच्या नाटकाला काळं फासलं. काळं. चुना पांढरा व्हता. आन् गर्दीत कुणी फोटो काढला असंल, तर तो पोरीचा फोटो, ओढताना काढलेला, तोंड रडकं, फ्रॉक खांद्यावरून सरकलेला, त्यांनी छापला. घराघरात गेला. अण्णाच्या लोकांनी भाषणात सांगितलं, विरोधकांनी एका अजाण पोरीला फूस लावली. म्हणजे आमच्या घरात तिघं जण, तिघं बी लागले त्यांच्या कामाला, एक मेलेला धरून.

मतदानाच्या दिवशी शेजारीण म्हणली, नका जाऊ, लोक पाहतील. मी गेले. का गेले ते मला बी नीट सांगता येणार नाय. झेडपीच्या शाळेत रांग व्हती, मी गेले तशी बोलणी थांबली. बायांनी मला पुढं जागा दिली. जशी मयताला देतात तशी. बोटाला शाई लावली, कागद दिला, शिक्का दिला, मी त्या पुठ्ठ्याच्या आड उभी ऱ्हायले. वर एकाचं चिन्ह, खाली एकाचं. बाकी बी व्हते, पण मला दोनच दिसले. ह्यांचं म्हणणं आठवलं, तुला वाटंल ते कर. मी दोघांवर बी शिक्का मारला. नीट, मधोमध. असं मत बाद व्हतं हे मला माहीत व्हतं. कागद घडी करून पेटीत टाकला आन् घरी येऊन गायीला पाणी दाखवलं.

कोण आलं निवडून ते मी बोलत नाय, त्यानं आमचं काय बदललं नाय. गुलाल उधळत मिरवणूक रस्त्यानं गेली, आम्ही दार लावून बसलो. बोर्डावर दिवाळीला साड्यांच्या दुकानाची जाहिरात आली. पूल झाला, झाला नाय असं नाय, पण पुष्कळ वर्षांनी, तोपर्यंत आमच्या बाजूचे मळे प्लॉट पाडून विकले गेले व्हते आन् नव्या बंगलेवाल्यांच्या गाड्यांना रस्ता पाहिजे व्हता. उद्घाटनाला मला कुणी बोलावलं नाय, बोलावलं असतं तरी मी गेले नसते.

मंदा शाळेत परत गेलीच नाय. दोन ठिकाणची सोयरीक मोडली, एकांनी तर तोंडावर सांगितलं, पत्रकातली मुलगी नको. शेवटी सुरगाण्याकडं दिली, जावई जीप चालवतो, स्वभावानं चांगला हाय, डोंगरात हाय म्हणून तिकडं हे काय पोचलं नव्हतं. भाऊजी लग्नाला आले. मांडवात एका बाजूला उभे ऱ्हायले. मी त्यांच्या हातात अक्षता दिल्या. त्यांनी टाकल्या. आम्ही बोलतो, पावसापाण्याचं बोलतो, बैलाचं बोलतो. त्या गोष्टीवर ना ते बोलले ना मी.

एक सांगते, मंग तुम्ही उठा, तुमची बस हाय. मागच्या वर्षी गावात एक नवी सून आली, लांबची, बोलायला मोकळी. माझ्यासंगं फुलं तोडायला यायची. पुलावरून जाताना म्हणली, काकू, इथं म्हणे पूर्वी एक माणूस दारू पिऊन वाहून गेला व्हता. तिला माहीत नव्हतं कुणाचा नवरा ते. साहेब गेले, अण्णा पार्टी बदलून कुठं तिसरीकडं गेला, भोंग्याची रिक्षा मोडीत गेली, पण हे तसंच हाय, गावात जन्माला येणारं पोर बी तेच ऐकतं. मी तिला म्हणले, पिलेला नव्हता. ती म्हणली, असंल. आन् पुढं चालू लागली.

मी अजून मत द्यायला जाते. दर वेळी. आता बटण हाय, दोन दाबता येत नाय, एकच दाबावं लागतं. मंदा जात नाय. अठराची झाली तव्हापासून तिचं नाव यादीत हाय, तिकडं सासरी बी हाय, पण तिनं एकदा बी बोटाला शाई लावली नाय. गेल्या इलेक्शनला ती बाळंतपणानंतर माझ्याकडं व्हती. बाहेर भोंगा चालला व्हता, तिनं उठून खिडकी लावली आन् बाळाला पाजत बसली. मतदानादिवशी मी साडी बदलली, म्हणले, मंदे, जाऊन येते. ती म्हणली, जा आई, ऊन व्हायच्या आत ये. तिला काय सांगायचं? तिचं तिला बरोबर हाय, माझं मला.

चालायचं, ताई. दिवस काय कुणासाठी थांबत नाय. तुम्ही येवढं लांब आल्या, बसून ऐकलं, मधी तोडलं नाय, असं कुणी ऐकत नाय. देवी तुमचं भलं करो, तुमच्या लेकराबाळांना सुखी ठेवो. लिव्हाल तव्हा ह्यांचं नाव नीट लिव्हा. रामदास.